व्हाळापलीकडे

हरिश्चंद्र मुंबईच्या एका गोल्फ क्लबात हिरवळ राखायच्या कामावर होता. निवृत्त होऊन आचऱ्याला आला तेव्हा एका सभासदाने त्याला आपला जुना ड्रायव्हर दिला. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची मोठ्या डोक्याची काठी. तेव्हापासून ओहोटीच्या वेळी, ओली वाळू घट्ट झालेली असताना, तो किनाऱ्यावरच्या एका वाकड्या सुरूच्या झाडापाशी उभा राहून चेंडू मारत असे. पुढे एक व्हाळ, म्हणजे ओढा, समुद्राला मिळतो. त्याचा चेंडू नेहमी व्हाळापलीकडे जाऊन पडे.

गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर तो घसरला आणि उजवा खांदा दुखावला. खांदा बरा झाला, असे डॉक्टर म्हणाले. पण चेंडू व्हाळापर्यंतसुद्धा पोचेना.

"ह्येचो जीव गेलो," तो काठीकडे बघून म्हणाला.

त्याची बायको मथुरा शाळेत विज्ञान शिकवत असे. चेंडू पलीकडे गेला की आपण पूर्वीसारखे झालो, असे त्याने मनाशी धरले आहे, हे तिला कळत होते. आता तो नवा ड्रायव्हर घ्यायचे म्हणत होता; पण नव्यानेही चेंडू पलीकडे गेला नाही, तर हा माणूस किनाऱ्यावर यायचाच बंद होईल, याची तिला भीती होती.

इन्सुलीचा सिद्धेश गोव्यातून खेळाचे वापरलेले सामान आणून विकत असे. त्याने ओळखीवर दोन ड्रायव्हर आठवडाभर वापरून बघायला दिले, एक काळा आणि एक रुपेरी. पेन्शनीत एकच बसणार होता. दोन्हींचे फटके मोजून ठरवावे, असे मथुराचे म्हणणे होते, पण हरिश्चंद्राने आधी देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर काळा, डावी पडली तर रुपेरी. उजवी पडली.

"मगे आता मोजूचा कित्याक?" त्याने विचारले.

मथुरा म्हणाली की कौल झाला ते चांगलेच झाले, पण सिद्धेशचे सामान आठवडाभर घरात आहेच, तर वापरून बघायला काय हरकत आहे? माडाच्या झापांचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या ताठ काड्या, सोलून तिने त्यांना रंगीत दोरे बांधले. चेंडू थांबेल तिथे हीर रोवायचा. काळ्याला लाल दोरा, रुपेरीला पांढरा.

पहिल्या सकाळी त्याने आधी काळ्याने काही चेंडू मारले, मग तितकेच रुपेरीने. लाल दोरे व्हाळाच्या दिशेने पुढे होते, पांढरे बरेच मागे. हरिश्चंद्र समाधानाने देवळाच्या दिशेला हात जोडून घरी आला. वाटेत शेजारच्या राधाबाई भेटल्या. वाकून वाकून हीर रोवणारी मथुरा त्यांनी दुरून पाहिली होती आणि ती शिंपले वेचते आहे, असे त्यांना वाटले होते.

"तिसऱ्यो गावल्यो काय गो? माका पण दी थोड्यो."

दुसऱ्या सकाळी मथुराने त्याला रुपेरीने सुरुवात करायला सांगितले. वारा तसाच होता, वाळूही तशीच. या वेळी पांढरे दोरे पुढे गेले आणि लाल मागे राहिले. ते सगळे हीर उपटून हरिश्चंद्र दिवसभर तिच्याशी मोजकेच बोलला. देव एक सांगतो आणि वाळू दुसरेच दाखवते, हे त्याला सोसत नव्हते.

त्या दिवशीच मथुराला उत्तर कळले होते. पण ते तिने सांगून तो ऐकणार नाही आणि ऐकले तरी त्याला लागेल, असे वाटून तिने ते त्याच्याच हातून दाखवायचे ठरवले. तिसऱ्या सकाळी तिने पिशवीतून जुना ड्रायव्हर काढला. त्याच्यासाठी हिरवा दोरा होता.

"आज ह्येनी सुरवात करा."

"मेल्या काठयेन?"

"मारून तर बघा."

त्याने मारले. मग काळ्याने आणि शेवटी रुपेरीने. हिरवे दोरे सगळ्यांत पुढे होते. आदल्या दोन दिवशी पहिले चेंडू जिथे थांबले होते, जवळजवळ तिथेच. पण व्हाळाच्या अलीकडे.

हरिश्चंद्र सुरूच्या मुळावर बसला. पाणी चढू लागले होते. व्हाळाकडचे हिरवे दोरे आधी भिजले.

"देवान खोटा सांगल्यान?"

"नाय. तुमी दोघांतलोच एक इचारलात. नवो होयो की नको, ह्या खंय इचारलात?"

तो खांदा चोळत राहिला.

"म्हंजे जीव काठयेचो गेलो नाय."

मथुरा त्याच्या शेजारी बसली. खांद्यात ताकद आहे, पण ती पहिल्या काही फटक्यांत सरते, म्हणून हातात आधी येईल ती काठी चांगली ठरते, एवढे तिने सांगितले. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम त्याने अर्ध्यावर सोडला होता, तो विषय तिने काढला नाही.

सिद्धेश दोन्ही ड्रायव्हर परत न्यायला आला तेव्हा एकही पसंत पडला नाही म्हणून तो जरा नाराज झाला. हरिश्चंद्राने त्याला चहा पाजला आणि काठ्या चांगल्याच आहेत, असे दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघे किनाऱ्यावर गेली. मथुराने हीर आणले नव्हते. हरिश्चंद्र सुरूपाशी थांबला नाही. तो पुढे चालत गेला, मागे वळून सुरूकडे एक नजर टाकून आणखी थोडा पुढे गेला आणि जुन्या ड्रायव्हरने चेंडू मारला. चेंडू व्हाळात पडला. त्याने खिशातून दुसरा काढला.

"हुकलो," मथुरा म्हणाली.

"दिसता माका," तो म्हणाला आणि चार पावले पुढे सरला.