पाठीवरचं नाव

मी एक जुनी स्कूटर आहे. माझा रंग कधीकाळी आकाशी होता, आता कोणता म्हणावा ते बघणाऱ्याने ठरवावं. भावनगरच्या एका गल्लीत, कडुनिंबाखाली, गेले पाच महिने एकाच जागी उभी आहे. पुढच्या चाकात हवा नाही, आणि सीटवर कावळ्यांनी जे करायचं ते करून ठेवलेलं आहे.

मित्रांनो, माझा जन्म पुण्याजवळच्या कारखान्यातला. त्यामुळे भाषा मराठी आणि तिरकं बोलणं हा जन्माचा रोग. पुढची छत्तीस वर्षं सौराष्ट्रात काढली, इथल्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला, पण जिभेचं वळण काही गेलं नाही. सांभाळून घ्या.

त्या काळी स्कूटर म्हणजे दुकानात गेलं आणि उचलून आणली, असं नव्हतं. आधी नंबर लावायचा आणि मग डोळे लावून बसायचं. आमच्या अनंतरायांनी लग्नाच्या वर्षी नंबर लावला. मी आले तेव्हा त्यांची मुलगी भाविनी बालवाडीत जात होती. त्यांच्या बायकोने, कुंदनबेनने, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आलीस एकदाची महाराणी! तुझ्या आधी माझी पोर चालायला लागली." मला ती बाई तिथेच आवडली. आपल्या जातीची वाटली.

अनंतराय बंदराच्या कचेरीत कारकून. सोमवार ते शनिवार कोणाशी चार शब्द बोलतील तर शपथ. पण रविवारी भाविनीला आजीकडे सोडलं, कुंदनबेन मागे बसली आणि गावाची वेस ओलांडली, की या गृहस्थांच्या तोंडाला जे चाक लागायचं ते माझ्या चाकांपेक्षा जोरात फिरायचं. लांब नाही जायचे. घोघ्याचा किनारा, राजपऱ्याची खोडियार माता, कोळियाकचा समुद्र, फारच उत्साह आला तर गोपनाथ. कागदात गरम गाठिया, तळलेल्या मिरच्या, कच्च्या पपईचा किसून परतलेला संभारा आणि थर्मासात चहा. कुठे सावली दिसली की थांबायचं, खायचं, भांडायचं, पुन्हा निघायचं. दिवेलागणीआधी घरी. मी काही फार जग पाहिलं नाही, मित्रांनो, पण पन्नास मैलांच्या आतलं एकही वडाचं झाड सोडलं नाही.

निघायची आमची एक रीत होती. अनंतराय आधी मला एका अंगावर कलती करायचे, कारण तसं केल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नसे. मग किक. एकीला मी कधीच चालू झाले नाही, चार तरी खाल्ल्याच. मी फुरफुरायला लागले की कुंदनबेन पदर सावरून एका बाजूला पाय सोडून बसायची आणि नवऱ्याच्या खांद्यावर दोनदा थापटायची. बसले, चला. तोंडाने बोलायचं काम नाही. अनंतराय मागे न बघता गियर टाकायचे.

आता नावाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

कुंदनबेन तळाज्याकडच्या खेड्यातली. तिकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. हाक मारायची तर "ऐकता का?" आणि दुसऱ्या कोणाशी बोलायचं तर "ते". ही बाई तर अनंत चतुर्दशीसुद्धा म्हणायची नाही. "भादव्यातली ती पुनवेआधीची चौदस" म्हणायची आणि सगळी गल्ली हसायची.

अनंतरायांना मात्र एकच हौस. बायकोच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायची. मी घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मला पेंटरकडे घेऊन गेले. माझ्या पाठीवरच्या जादा चाकाला काळं कव्हर घातलं आणि त्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं, 'अनंतराय जटाशंकर त्रिवेदी'.

"आता दर रविवारी बसताना डोळ्यांसमोर येईल," ते तिला म्हणाले. "एखाद दिवशी निसटेल तोंडून."

"निसटायला मी काय खेड्यातली गाय आहे दावं सोडून पळायला?" कुंदनबेन म्हणाली, आणि थर्मासची पिशवी तिने बरोबर त्या नावावर लटकवली. नवऱ्याचं नाव तर झाकलंच, वर सासऱ्याचंही झाकलं. तेव्हापासून पिशवीची जागा ती.

दर रविवारी तोच खेळ. समुद्रापाशी माणूस नाही असं बघून अनंतराय म्हणायचे, "आता घे. इथे कोण ऐकतंय?"

"ही ऐकतेय ना," ती माझ्याकडे बोट दाखवायची. "पुण्याची आहे. गावभर करेल."

कोळियाकला ओहोटीच्या वेळी समुद्र मागे जातो आणि लोक चिखलातून चालत महादेवापर्यंत जातात. एकदा परतताना भरती लागली आणि कुंदनबेनची नवी चप्पल वाहून गेली. अनंतराय विजार गुडघ्यापर्यंत ओढून तिच्यामागे पाण्यात धावले आणि आपला चष्माही घालवून आले. चप्पल नाही ती नाहीच. कुंदनबेन हसून हसून माझ्या हँडलला धरून खाली बसली. "आता तरी घे नाव," ते ओले उभे राहून म्हणाले. "चष्मा दिलाय मी त्यासाठी." तिने नाही घेतलं. मला वाटतं, त्या दोघांनाही तो खेळ संपायला नको होता.

भाविनी लग्न होऊन वडोदऱ्याला गेली. अनंतराय निवृत्त झाले, मग सगळेच वार रविवार झाले. आणि तीन वर्षांपूर्वी, गोपनाथहून येताना, त्रापजच्या अलीकडे मेरामभाईच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो.

चहा झाला. अनंतरायांनी मला कलती केलं, किक मारली, स्वतः बसले. खांद्यावर दोन थापा पडल्या. त्यांनी गियर टाकला आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, थापा तिच्याच होत्या, पण मागे कोणी बसलं नव्हतं. मला कळलं होतं. तेहतीस वर्षं ज्या बाईचा भार मी वाहिला तो मला कळणार नाही? अनंतराय बोलत होते, यंदा महुव्याचा कांदा कसा आहे, भाविनीकडे कधी जायचं, आणि मी रिकामी धावत होते. एरवी नको तिथे शंभरदा बंद पडले मी. भर चौकात, वरातीच्या तोंडाशी, कचेरीला उशीर होत असताना. त्या दिवशी मात्र शहाण्या मुलीसारखी चालत राहिले. याची लाज मला अजून वाटते.

तीन-चार मैलांवर त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून हात मागे नेला. मग आम्ही जे वळलो! माझ्या आयुष्यात मी तशी पळाले नव्हते.

कुंदनबेन टपरीवरच्या खाटेवर मांडीवर हात ठेवून बसली होती. मेरामभाई पोट धरून हसत होता. "या काका, या! बायको विसरून जाता होय? आम्ही विचारतोय, बेन, कुठल्या तुम्ही? घरधन्याचं नाव काय? फोन तरी लावतो. तर या डोक्यावर पदर घेऊन खाली बघतायत. नाव घेईनात! म्हटलं, असली जुन्या वळणाची बाई आता बघायला मिळत नाही."

अनंतरायही हसले. घाम पुसत पुसत हसले. "बघ, आज तर नाव घ्यायलाच हवं होतं. आजही नाही घेतलंस. जिंकलीस बाई!"

कुंदनबेनही हसली. पण जरा उशिरा हसली, दोघांकडे बघून.

ती नाव घेत नव्हती की तिला ते आठवत नव्हतं, हे त्या दिवशी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. कसं येणार? जे नाव कधी घेतलंच नाही ते हरवलं तर कळायचं कसं? त्या रीतीमागे किती महिने काय लपून बसलं होतं, देव जाणे.

कळलं ते वर्षभराने. भाजीत तीनदा मीठ, दुधाऐवजी पाणी उकळायला, भाविनीला "बेन, तुम्ही कोणाकडच्या?" डॉक्टरांनी सांगितलं की हे उतरणीचं दुखणं आहे, चढणीचं नाही. ओळखीच्या जागा दाखवा, जुनं बोला, बरं वाटेल तिला. यापलीकडे औषध नाही.

झालं, अनंतरायांनी त्यातली 'ओळखीच्या जागा' एवढीच गोष्ट धरली. रोज मला बाहेर काढायचे. कुंदनबेनचा तोल जायला लागला होता, म्हणून तिची एक जुनी सुती साडी आपल्या आणि तिच्या कमरेभोवती गुंडाळून पुढे गाठ मारायचे. भाविनी फोनवर रडायची. "पप्पा, तुमचं वय बघा! पाडाल तिला. विकून टाका ती स्कूटर."

गल्लीतले चिडवायचे, "काय अनंतकाका, पुन्हा लग्न लावलं की काय?"

"पहिली गाठ सैल झाली होती," ते म्हणायचे, "म्हणून दुसरी मारली."

घोघा झालं, खोडियार झालं. त्याच झाडांखाली थांबलो, तेच गाठिया. कुंदनबेन खायची, छान आहे म्हणायची, आणि कुठे आलोय ते विचारायची. खांद्यावरच्या थापा बंद झाल्या होत्या. ते स्वतःच मागे वळून बघायचे, एकदा, दोनदा, मग निघायचे.

एकदा कोळियाकला पोचलो. ओहोटी होती. ती बराच वेळ चिखलाकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "इथे माझी चप्पल गेली होती."

अनंतराय असे उडाले! "हो! हो ग! कोणत्या रंगाची?"

"तपकिरी. नवी होती."

"आणि मागे पाण्यात कोण धावलं होतं? सांग ना. कोण होतं?"

तिने आठवून पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं. "होता कोणीतरी," ती म्हणाली. "चष्मा गेला बिचाऱ्याचा. भला माणूस होता."

 घरी आल्यावर अनंतरायांनी भाविनीला फोन करून सांगितलं, "तिला चप्पल आठवली! चष्मासुद्धा आठवला. सुधारतेय ग ती." आशेसारखी चिवट गोष्ट नाही. मला राग येतो तिचा.

आणि मग पाच महिन्यांपूर्वीची ती सकाळ. अनंतरायांनी मला कलती केलं. त्या दिवशी थर्मासची पिशवी आत ओट्यावरच राहिली होती. कुंदनबेन नीट साडी नेसून बाहेर आली आणि माझ्या मागे उभी राहिली. पिवळी अक्षरं फिकी झाली होती, पण वाचता येत होती. तिने बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं, मोठ्याने वाचलं.

"अनंतराय... जटाशंकर... त्रिवेदी."

अडखळली नाही, लाजली नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. अनंतरायांचा पाय किकवरच राहिला.

"छान नाव आहे," ती म्हणाली. "कोणाची गाडी, भाई?"

त्यांनी किकवरचा पाय खाली घेतला. "आहे एकाची."

"मला जरा घरी सोडाल का? फार उशीर झालाय. घरी वाट बघत असतील."

"कोण वाट बघतंय, बेन?" ते तिला बेन म्हणाले.

तेव्हा कुंदनबेनने डोक्यावर पदर घेतला. मान वळवली. हसली, अगदी त्या पहिल्या वर्षीच्या रविवारांसारखी.

"भाई, आता त्यांचं नाव मी कसं घेऊ?"

 अनंतरायांनी आतून साडी आणली, तिच्या कमरेला बांधली, आपल्या कमरेला बांधली. ती परक्या माणसाला हात लागू नये म्हणून मागचं जादा चाक धरून, अंग चोरून बसली. तळ्यापर्यंत एक चक्कर मारून त्यांनी मला त्याच दारात, याच कडुनिंबाखाली आणून उभं केलं.

"फार उपकार झाले," ती उतरताना म्हणाली. "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं. ते असतील आत, भेटतील."

अनंतराय पाहुण्यासारखी चप्पल दाराबाहेर काढून आत गेले.

त्यानंतर मला कोणी किक मारलेली नाही. कुंदनबेन खिडकीत बसते आणि रस्त्याकडे बघते, तिच्या 'त्यां'ची वाट बघत. अनंतराय तिच्या शेजारी बसतात. दुपारी कधी बाहेर येतात, फडक्याने माझ्या पाठीवरची ती तीन नावं पुसतात आणि परत आत जातात. मला पुसून काय होणार आहे, पण त्यांना सांगणार कोण?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी मागणं मागायचं असतं. आमची काळजी घ्या, तेलपाणी करा, भंगारात घालू नका. मला त्यातलं काही नको. भाविनी दिवाळीला येणार आहे, तेव्हा माझं काय व्हायचं ते होईल. तुम्ही एवढंच करा. कोणाला मागे बसवून निघालात, तर खांद्यावरच्या थापांवर जाऊ नका. एकदा मागे वळून बघा, बसलंय का ते. आणि नाव विचारा, नाव सांगा, रोज. आम्ही रीत म्हणून हसत राहिलो आणि तेवढ्यात मागची जागा रिकामी झाली.