भिंतीची बाहेरली बाजू

द्वारकाबाईने चुन्याचं घमेलं डोक्यावर घेतलं, पदर कमरेला खोचला आणि हद्दीच्या दगडांची रांग ओलांडून सरळ मोठ्या दिराच्या जागेत पाऊल ठेवलं. ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या नवऱ्याचा, कचरूचा अंगठा तळहातावर तसाच थांबला.

"द्वारके, माघारी फिर."

"घमेलं जड हाये. एकदा खाली ठिवू द्या, मंग काय बोलायचं ते बोला."

"म्या रेणुकाईच्या पायरीला हात लावून बोललोय. दादाच्या जागेत पाऊल टाकनार न्हाई म्हून."

"तुमी तुमच्या पायाचं बोलले," ती म्हणाली. "माझ्या पायाचं मला कोनी इचारलं न्हाई."

 कचरूला उत्तर वेळेवर कधी सुचत नसे. रात्री जेवताना सुचायचं, आणि तोवर भांडण शिळं होऊन गेलेलं असायचं. त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि तोंड फिरवून बसला.

आता ही भिंत काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. पिंपळगावातलं हे घर दोन भावांचं, सहा खणांचं. दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली. थोरला रखमाजी मोठा तिरसट माणूस. त्याने आपले तीन खण नुसते घेतले नाहीत, तर पाडून घेतले. तुळया, दारं, चौकटी, पायाचे घडीव दगड, सगळं गाड्यांत भरलं आणि बायकोला, साळूबाईला घेऊन भोकरदनला निघून गेला. राहिली ती दोघांच्या मधली भिंत. घरातली भिंत म्हणून कच्च्या विटांची बांधलेली, तिला बिचारीला ऊन-पाऊस ठाऊक नव्हता. ती एका दिवसात बाहेरची भिंत होऊन बसली. साळूबाईच्या चुलीची काजळी, तिचे दोन कोनाडे, ताक घुसळायच्या दोरीची खुंटी, सगळं रस्त्यावरून दिसायचं. येणारा-जाणारा जाऊबाईच्या स्वयंपाकघरात डोकावून जायचा, आणि स्वयंपाकघर तर जागेवर नव्हतंच.

पहिल्या पावसाळ्यात भिंतीची चार बोटं माती गेली. दुसऱ्या पावसाळ्यात कोनाड्याच्या पाठीला भोक पडलं आणि पलीकडची ज्वारीची कणगी दिसायला लागली. धाब्याच्या, म्हणजे वरच्या मातीच्या सपाट छपराच्या, तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या. तिसऱ्या पावसात भिंत बसली की धाबंही बसणार, हे सांगायला गवंडी लागत नव्हता. द्वारकाबाईने घमेलं उचललं त्या दिवशी मृगाला तीन आठवडे उरले होते.

गवंडी म्हणजे धर्मराज. गावातलं निम्मं चुनाकाम त्याच्या हातचं. द्वारकाबाई त्याच्या दारी दोनदा जाऊन आली होती. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि एकच बोलायचा, "वैनी, परांची रखमाजीच्या जागेत बांधावी लागंल. त्यानं स्वतः येऊन सुपारी दिल्याबिगर म्या तिथं बांबू रोवीत न्हाई. दोघा भावांच्या मधी थापी घालनं आमच्यात न्हाई." ही त्याची पद्धतच होती, बापाने घालून दिलेली. आणि कचरू भावाला निरोप धाडायला तयार नव्हता. निरोप धाडला तर आपण वाकलो असं होईल म्हणे. भिंत वाकली तर चालेल.

शेवटी द्वारकाबाईनेच ठरवलं. वाटणीच्या कागदांच्या वेळी ती भोकरदनच्या कचेरीबाहेर दोन दिवस भिंतीला टेकून बसली होती. त्या भिंतीचा गिलावा दाणेदार होता, हात फिरवला तर खरखरीत लागायचा. तिच्या लुगड्याचे धागे त्यात अडकले होते. दुसऱ्या दिवशी अवकाळी सर आली, तेव्हा तिने पाहिलं की पाणी त्या दाण्यांवर फुटतं आणि थेंब थेंब होऊन गळून जातं. ओघळ पडत नाही. आत दोघे भाऊ एकमेकांना काय काय बोलत होते, आणि ही बाहेर बसून भिंतीचं पाणी बघत होती. असाच गिलावा आपल्या भिंतीला करायचा, हे तिच्या मनाने घेतलं.

चुना तिने माहेरच्या गाडीतून आणवला, दारातल्या खड्ड्यात आठ दिवस भिजवून मुरवला. नदीतून वाळू आणली आणि जोंधळ्याएवढी बारीक खडी चाळून घेतली. वरपर्यंत हात पोचावा म्हणून उखळ पालथं घालून त्यावर उभं राहायला फळी टाकली. कोनाडे विटांनी बुजवले, साळूबाईची काजळी खराट्याने खरवडून काढली. आणि पहिला थर चढवला.

आता द्वारकाबाईचं सारवण म्हणजे गावात नाव होतं. लग्नाच्या घरी भिंती सारवायला तिला बोलावणं यायचं. तिने सारवलेली भिंत गुळगुळीत, आरशासारखी. दोन दिवस खपून तिने चुना-वाळूचा थर तसाच लावला, तळहाताने सारखा केला, वर नदीतला गोटा घेऊन घोटला. संध्याकाळी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. गवंड्याच्या हाताला हे जमलं नसतं, असंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिने खडी घातलेला चुना थापीने भिंतीवर फेकला, भिंतभर. दिसायला हुबेहूब कचेरीसारखा दिसला. चौथ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर सगळा दाणेदार थर सोलून काढलेल्या सालीसारखा खाली पडलेला, आणि वर तिची भिंत जशीच्या तशी, गुळगुळीत.

ती तिथेच मातीत बसली. रडू येत होतं ते आलं. ओट्यावरून कचरूने बघितलं आणि आत निघून गेला. त्याचं ते निघून जाणं तिला जास्त लागलं.

तेवढ्यात रस्त्यावर धर्मराज आला, वाळूच्या गोण्या लादलेलं गाढव घेऊन. दगडांच्या रांगेपाशी थांबला. पाऊल आत टाकलं नाही. भिंतीकडे बघत राहिला, मग गाढवाच्या मानेवर हात ठेवून त्याच्याशीच मोठ्याने बोलायला लागला.

"बघ बाबा, काही बायांचा हात लई गोड असतो. भिंत इतकी घोटतात की माशीचा पाय घसरावा. मंग दुसरा थर धरंल कशाला? त्याला नख रुतवायला जागा पायजे का न्हाई?"

द्वारकाबाईने डोळे पुसले आणि तिथूनच विचारलं, "मंग काय करायचं?"

"म्या गाढवाशी बोलून राह्यलो," धर्मराज म्हणाला. "तर गाढवा, पहिला थर विळ्यानं उभा-आडवा खरडायचा. दया-माया ठिवायची न्हाई. मंग भिंतीला पानी पाजायचं. आन खडीचा चुना थापीनं जोरात न्हाई मारायचा, पातळ करून खराट्यानं उडवायचा. थोडा थोडा, तीन हात. वरून धा दिवस पानी. एक दिवस चुकलं की चुन्याची भुकटी. चल आता, बिलकुल ऐकत न्हाईस तू."

गाढव बिचारं निमूट चालू लागलं.

द्वारकाबाईने विळा आणला. पहिला ओरखडा ओढताना तिचा जीव वर-खाली झाला. जन्मात तिने भिंत खराब केली नव्हती. आता आपल्याच हाताने, आपलं सगळ्यात चांगलं काम ती खरडत होती. पण एकदा हात बसला तसा बसला. उभ्या रेघा, आडव्या रेघा. दुपार कलेपर्यंत तिच्या त्या आरशासारख्या भिंतीची पार दशा झाली होती. मग तिने घागरींनी भिंत भिजवली, खराटा चुन्यात बुडवला, मनगटाला झटका दिला. फट् करून शिंतोडे बसले आणि बसलेच. पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. उन्हात तोंड भाजत होतं, चुन्याने तळहात खाल्ले होते, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या. रात्री ती करडईचं तेल चोळायची आणि सकाळी पुन्हा फडकी बांधून उभी राहायची. सात दिवस गेले. भिंत अंगावर काटा आल्यासारखी दाणेदार झाली आणि तशीच राहिली.

मग पाणी. आड गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी सहा घागरी, संध्याकाळी सहा. कचरू ओट्यावर बसून मोजल्यासारखा बघायचा. एकदा म्हणाला, "अंग मोडून आलंय तुझं, मुकाट्यानं झोप." ती म्हणाली, "भिंतीला सांगा, ती थांबंल का." 

चौथ्या दिवशी तिला सणकून ताप भरला. सकाळी उठताच येईना. डोक्यात एकच, भिंत वाळतेय, भुकटी होतेय, एवढं सगळं वाया चाललंय. दुपार टळल्यावर ती भिंत धरत धरत उठली. घरात कचरू नव्हता. रांजणातलं पाणी घागरीत ओतून घेतलं, घागर कमरेवर घेतली आणि दगडांच्या रांगेशी आली.

भिंतीसमोर रखमाजी उभा होता. भोकरदनहून आला होता, पायताणांवर रस्त्याची धूळ. भिंतीची वरची बाजू ओली, काळपट दिसत होती. तापाने आपल्याला असं दिसत असावं, असं द्वारकाबाईला वाटलं.

तिने पदर डोक्यावर ओढला. मोठ्या दिराशी तोंडाला तोंड देऊन ती पंधरा वर्षांत बोललेली नव्हती. एका घरात असताना जे काही सांगायचं ते साळूबाईच्या मार्फत. आता साळूबाई भोकरदनला. द्वारकाबाई रांग ओलांडून आत आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"कोनाला इचारून केलं हे?" रखमाजीने विचारलं. तोही भिंतीकडेच बघत होता.

"इचारायला तुमी हितं होते कुठं, भाऊजी."

"धर्मराजानं हात लावला न्हाई म्हून ऐकलं. मंग कोनी केलं?"

तिने फडकी बांधलेले हात काही दाखवले नाहीत, पण घागर धरलेली होती, ते दिसतच होते.  रखमाजीने पुढे होऊन भिंतीच्या टोकाला बोट लावून बघितलं.

"दोन बोटं जाडी आलीया. माझ्या जागेत. दोन बोटं जागा खाल्ली तुमी माझी. उद्या पंच आनतो आन माप घेतो. खरडून काढावं लागंल."

द्वारकाबाईने कमरेवरची घागर सावरली.

"दोन पावसाळ्यात या भिंतीची चार बोटं माती झडून तुमच्या जागेत पडली," ती म्हणाली. "ती माती आमची. त्यातली दोन बोटं म्या परत घेतली. दोन अजून तुमच्याकडंच हायेत. पंच आनले की त्याचं बी माप घेऊ."

रखमाजीने मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

आणि वरून भसकन घागरभर पाणी आलं. भिंतीवरून यायचं ते निम्मं भिंतीवरून आलं आणि निम्मं रखमाजीच्या पटक्यावर. तो नखशिखान्त भिजला. मिशांतून पाणी टपकायला लागलं.

दोघांनी वर पाहिलं. धाब्याच्या काठावरून कचरू वाकला होता, हातात रिकामी घागर. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंग घामाने निथळणारं. सकाळपासून आड ते धाबं खेपा घालत असणार. भावाच्या जागेत त्याने पाऊल टाकलं नव्हतं, धाबं त्याचं स्वतःचं होतं. खाली कोण उभं आहे ते त्याला आत्ता दिसलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

 रखमाजीने पटका काढला, पिळला, तोंड पुसलं. मग त्याने भिंतीवरून पार कोपऱ्यापर्यंत हात फिरवला.

"त्याला सांग," तो शेवटी द्वारकाबाईला म्हणाला, "या कोपऱ्याला पानी पोचंना. हितं कोरडंच हाये."

वरून कचरूचा आवाज आला, "द्वारके, त्यांना सांग, तिकडं हात पुरत न्हाई. सरकून वतावं लागंल."

दोघांच्या मधे फार तर पुरुषभर उंचीचं अंतर होतं. द्वारकाबाईने एकदा वर बघितलं, एकदा खाली. दोन वर्षं ती या न धाडलेल्या निरोपांच्याच मधे उभी होती, असं तिला वाटलं. अंगात ताप होता, हात आगीसारखे जळत होते आणि मनापासून राग आला होता.

"दोघाला बी ऐकू येतं," ती म्हणाली. "माझ्याच्यानं आता भिंत होईल, निरोप होनार न्हाई. तुमचं तुमी बोला."

तिने हातातली घागर कोरड्या कोपऱ्यावर रिकामी केली, ती कमरेवर घेतली आणि आडाच्या रस्त्याला लागली. मागे वळून बघायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. वीसेक पावलं जाईपर्यंत मागून काहीच ऐकू आलं नाही. नुसता धाब्यावर घागर सरकवल्याचा आवाज.

मग रखमाजी ओरडला.

"कचरू, तिकडं पाय देऊ नको. तो काठ कच्चा हाये."