गोपाळकाकांच्या गाडीतला फ्रिज

गौरेश हरमलला किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांचे फ्रिज दुरुस्त करतो. गेल्या मार्चअखेरीस गोपाळकाका आपली मोठी गाडी घेऊन त्याच्या दुकानासमोर थांबले. काका मूळचे दोडामार्गचे. डिचोलीच्या खाणींवर तीस वर्षं ट्रक चालवला, आणि निवृत्त झाल्यावर देश सोडून चाललेल्या एका परदेशी माणसाकडून ही गाडी हौसेने घेतली. आत पलंग, शेगडी आणि गॅसवर किंवा विजेवर चालणारा छोटा फ्रिज. सुमनकाकींना घेऊन ते महिना महिना फिरायचे.

"सकाळपासून थंड करीना," काका म्हणाले. "हिचा इन्सुलिन ह्यातच रवता. आजच्या आज चलतो करून दी रे बाबा."

गौरेशने मागची जाळी काढून मीटर लावला. असल्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. हीटर एक नळी तापवतो आणि त्या उष्णतेच्या जोरावर आत थंडावा येतो. हीटर शाबूत होता. नळी प्रमाणाबाहेर तापली की वीज तोडणारा फ्यूज तेवढा उडालेला. तो गेला की गॅसही पेटत नाही. पेडण्यात तसा फ्यूज नव्हता, म्हापशात नव्हता. मागवायचा तर चार दिवस.

काकी गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर इन्सुलिनचा डबा, त्यावर रुमालात गुंडाळलेला बर्फ. बर्फाचं पाणी साडीवर गळत होतं.

गौरेशने फ्यूज काढला, दोन्ही वायरी थेट जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. फ्रिज चालू झाला.

"नवो फ्यूज येईसर हांगाच रावा, काका. लांब जाऊ नका," एवढंच तो म्हणाला. आपण काय केलंय ते सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना उगीच भीती वाटेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं तर कबूल करायची लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याच्या मनात आलं, फ्यूज उगाच उडत नाही. हीटर बंदच होत नसेल तर? कार्डावरचा, हीटर चालू-बंद करणारा रिले चिकटला असेल तर? तो आपण तपासलाच नाही. ताट तसंच ठेवून तो किनाऱ्याकडे धावला. काकांनी गाडी लावली होती त्या माडांखाली ती नव्हती.

"ती सकाळीच गेली," शेजारच्या शॅकमधली संजना म्हणाली. "लाटंबार्श्याला, पुतणीकडे. काजी वेचायच्या कामाला."

काकांचा फोन लागेना. गौरेशने स्कूटर काढली. दीड तासाच्या रस्त्यात त्याने किती वेळा फोन लावला, ते त्यालाही आठवत नाही.

गाडी काजूच्या बागेच्या कडेला, उतारावर तिरकी उभी होती. असला फ्रिज तिरका राहिला की नळी आणखीच तापते. पुतणीच्या घरातून वायर ओढून प्लग लावलेला. मागच्या जाळीतून बारीक धूर निघत होता आणि आतलं प्लायवूड काळं पडलेलं. गौरेशने आधी प्लग उपटला, मग दार उघडलं. काकी पलंगावर गाढ झोपल्या होत्या.

"काकी, उठा! भायर या!" त्याने त्यांना हाताला धरून खाली आणलं. जाळी काढून आत दोन बादल्या माती टाकली तेव्हा कुठे धूर थांबला.

काका बागेतून धावत आले. "काय झाला रे?"

गौरेशने सगळं सांगितलं. फ्यूज, जोडलेल्या वायरी, न तपासलेला रिले.

काका म्हणाले, "तू काल माका सांगलं असतंस, तर प्लग लावलोच नसतो मी."

"दुरुस्त करून देतो, काका. आत्ताच—"

"हात लावू नको."

पुतणीने इन्सुलिन आपल्या फ्रिजमध्ये ठेवलं. गौरेशला कोणी पाणीही विचारलं नाही, आणि त्यालाही ते मागता आलं नसतं.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला. "फ्यूज इलो?"

"इलो. रिलेही आणला."

"तर घेऊन ये. मी बाजूक उभो रवतलंय. काय करतंस ता एकेक सांगायचा."

गौरेश गेला. गाडी आता पुतणीच्या सपाट अंगणात होती. प्रत्येक वायर काकांना दाखवत त्याने कार्डावरचा रिले बदलला, फ्यूज बसवला, जळकं प्लायवूड काढून पत्रा ठोकला. दोन तास चालवून, नळी तापल्यावर हीटर आपोआप बंद होतो ते दोनदा दाखवलं. काकांनी मान हलवली.

काकी मात्र घराबाहेर आल्याच नाहीत. त्या दिवसापासून त्या गाडीत झोपत नाहीत, पुतणीच्या खोलीतच झोपतात, असं काकांनी गौरेश निघताना सांगितलं.