मार्ला कुबेनाचा डावा खुबा

मार्ला कुबेनाने शहरातल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चीअरलीडर पथकाची निवड चाचणी आधी दोनदा दिली होती. पहिल्यांदा चोविसाव्या वर्षी, तेव्हा पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. दुसऱ्यांदा अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि त्या वेळी ती शेवटच्या चाळीस जणींत पोचली होती. चीअरलीडरच्या जागा छत्तीस. दोन्ही वेळा आई बरोबर होती, केसांचे चिमटे तोंडात धरून मागे उभी. आता मार्ला तिशीला टेकली होती आणि आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

दुसऱ्या वेळी घात केला तो नाचाने नाही, मुलाखतीने. परीक्षकांनी विचारलं होतं, "चौथा प्रयत्न आहे, एक यार्ड हवाय, संघाने काय करावं?" मार्ला हसून म्हणाली होती, "ते कोचना विचारा." बाकी कोणी हसलं नव्हतं. ज्या संघासाठी मैदानाच्या कडेला नाचायचं त्याचा खेळ कळायला नको? तिलाही ते पटलं होतं. म्हणून जानेवारीत तिने नाव नोंदवलं, मंगळवार-गुरुवारचा सराववर्ग लावला, जनावरांच्या दवाखान्यातलं दिवसाचं काम संपवून दीड तास गाडी हाकत शहरात जायला लागली, आणि रविवारी प्रार्थना उरकली की वडिलांच्या घरी.

वडील म्हणजे एल्रॉय कुबेना. गावच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं सुतारकाम शिकवलं आणि सव्वीस वर्षं फुटबॉलचे दुय्यम कोच. अख्खं गाव अजून त्यांना 'कोच' म्हणूनच हाक मारी.

"तुला आता फुटबॉल शिकायचाय?" पहिल्या रविवारी ते म्हणाले. "वीस वर्षं माझ्या मॅचच्या वेळी टीव्हीसमोरून तंगड्या उडवत गेलीस, तेव्हा कुठे होतीस?"

"डॅडी, शिकवताय की टोमणे मारताय?"

"दोन्ही. सव्वीस वर्षं तेच केलं." त्यांनी मिठाची बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. "हा चेंडू. लोणच्याच्या बरण्या म्हणजे आपली माणसं. हे कोलाच म्हणजे शत्रू."

जर्दाळूचा गर भरलेले सहा कोलाच, म्हणजे गोड पाव, रांगेत बसले. चार प्रयत्नांत दहा यार्ड, कुणी कुणाला अडवायचं, कुणी पळायचं, सगळं त्या टेबलावर झालं. शत्रूचा एखादा खेळाडू चुकीच्या जागी सापडला की एल्रॉय तो खाऊन टाकत. मार्चपर्यंत मार्लाला खेळ नुसता पाठ नव्हता, दिसायला लागला होता. आणि तिच्या लक्षात आलं की आई गेल्यापासून तिचं नि वडिलांचं इतकं बोलणं पहिल्यांदाच होतंय.

एक गोष्ट मात्र दोघांनी कधी काढली नव्हती. मार्ला याच हायस्कुलात चार वर्षं सामन्यांच्या मध्यंतराला मैदानात नाचली होती. दर शुक्रवारी, अख्ख्या गावासमोर. पण मध्यंतर म्हटलं की कोचमंडळी पोरांना घेऊन कपडे बदलायच्या खोलीत जाणार, फळ्यावर खडूने बाण काढणार. गावात तिचा नाच न पाहिलेला माणूस एकच होता.

तो नाच एल्रॉयनी पाहिला एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी. मार्लाने त्यांच्या गॅरेजमधला ट्रक बाहेर काढला, आईचा उभा आरसा भिंतीला टेकवला आणि चाचणीचा नाच सुरू केला. पाच, सहा, सात, आठ. शेवटी ती उडी, सगळ्या मुलींना धडकी भरवणारी. हवेत झेपावायचं आणि दोन्ही पाय पुढेमागे ताणून थेट जमिनीवर उतरायचं, तोंडावर हसू तसंच ठेवून. ती उतरली, हसली, उठली, आणि वळून पाहिलं तर दारात वडील उभे.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिला बरं वाटलं. तिने पुन्हा केलं.

"डावा पाय," ते म्हणाले. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मार्ला, तुझ्या दवाखान्यात असं उठणारं कुत्रं आलं असतं, तर पट्टा धरून तूच त्याला आत नेलं असतंस."

ती जमिनीवरच बसली. ऑक्टोबरपासून डावा खुबा आतून टोचत होता. फेब्रुवारीत तर गाडीतून उतरताना दाराला धरावं लागे. गोळ्या घ्यायची, बर्फ लावायची. वर्गातल्या पोरी एकवीस-बावीसच्या. त्यांच्यासमोर हूं की चूं केलं नव्हतं. पथकाच्या प्रमुख मिस लॅनेट यांनी एकदा विचारलंही होतं, "सगळं ठीक ना?" आणि मार्ला म्हणाली होती, "एकदम!"

"तीन आठवडे राहिलेत, डॅडी. मग बघते."

एल्रॉय एक पालथी बादली ओढून तिच्यासमोर बसले.

"डॅरल मिगल नावाचा मुलगा होता," ते म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. सतरा वर्षांचा. असा पळायचा की मी त्याला ओरडायचं विसरायचो. गुडघा दुखावला होता. डॉक्टरने चिठ्ठी दिली, दोन आठवडे मैदानात नाही. त्याच्या आईने ती माझ्या हातात आणून दिली."

"मग?"

"मग शुक्रवारी आम्ही मागे पडलो. तो येऊन म्हणाला, काही दुखत नाही कोच, सोडा मला. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी त्याला सोडलं. गुडघा मोडल्याचा आवाज आमच्या बाकापर्यंत आला, मार्ला. नंतर शाळेने विचारलं तेव्हा मी म्हणालो, चिठ्ठी माझ्यापर्यंत आलीच नाही. त्याला कॉलेजात खेळायला बोलावणं आलेलं होतं. गेलं. अजून काठी घेऊन चालतो म्हणे."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

मार्लाने उठून आरसा घरात नेला. त्यानंतरचे दोन रविवार बरण्यांचा खेळ झाला, पण कोलाच तसेच उरले.

चाचणीच्या दिवशी तिचा क्रमांक होता एकशे सतरा. पहिल्या दिवशीच्या गर्दीतून ती पुढच्या फेरीत निवडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. लांब टेबल, पाच परीक्षक, मधे मिस लॅनेट. साठी ओलांडलेल्या, पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ असते हेच त्यांना ठाऊक नसावं. फुटबॉलचे प्रश्न आले. चौथा प्रयत्न, एक यार्ड. मार्लाने अशी उत्तरं दिली की टोकाला बसलेले एक माजी खेळाडू पेन ठेवून तिच्याशी वाद घालायला लागले, आणि तिने तो वाद जिंकला. सगळे हसले. या खेपेला तिच्या बरोबर.

मग मिस लॅनेट म्हणाल्या, "एकशे सतरा, काल तुझं डावं पाऊल दरवेळी किंचित उशिरा टेकत होतं. काही दुखतंय का?"

'नाही मॅम' हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. सहा महिने तेच म्हणत आली होती. पण आता त्या शब्दांना एका सतरा वर्षांच्या पोराचा आवाज चिकटला होता.

"हो मॅम," ती म्हणाली. "खुबा. ऑक्टोबरपासून."

मिस लॅनेटनी चष्मा काढला. "हे मला जानेवारीत सांगितलं असतंस, तर काहीतरी करता आलं असतं."

"हो मॅम."

"डॉक्टरच्या कागदाशिवाय मी तुला ती उडी मारू देणार नाही. एकटीचा नाच कर. रांगेतल्या नाचाला भिंतीपाशी उभी राहा."

तिने एकटीचा नाच केला, आणि आयुष्यात केला नव्हता इतका चांगला केला. मग इतर पोरी खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या राहिल्या, संगीत सुरू झालं, एकदम पन्नास पाय वर गेले, आणि मार्ला पोटावर एकशे सतराचा बिल्ला लावून भिंतीपाशी उभी राहिली. हसू ढळू द्यायचं नाही असं शिकवलं होतं. तिने ते ढळू दिलं नाही. संध्याकाळी क्रमांक वाचले गेले. एकशे नऊनंतर एकदम एकशे बावीस.

बाहेर ट्रकमध्ये एल्रॉय बसले होते. सकाळपासून तिथेच होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता ट्रक सुरू केला. पुढचे दोन रविवार ती त्यांच्याकडे फिरकलीही नाही. एमआरआय काढला. सांध्याच्या कडेची कूर्चा फाटलेली निघाली; डॉक्टर म्हणाला, आणखी थोडी नाचली असतीस तर सांधाच बदलावा लागला असता. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, नऊ जून. खरं बोलल्याने पाय वाचला, हे तिला कळत होतं. तरी राग जाईना.

तिसऱ्या रविवारी ती गेली, ती दारातूनच बोलत.

"तुम्ही ती गोष्ट सांगितली नसती तर मी आज पथकात असते."

"असतीस," एल्रॉय म्हणाले.

"खोटं बोलून, पण असते."

"हो."

"तुमची गोष्ट तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवलीत आणि मोकळे झालात. मी खरं बोलले त्याची किंमत मी मोजली. तुम्ही काय मोजलंत? त्या डॅरलला कधी सांगितलंत?"

ती दार आपटून निघून गेली, आणि गाडीत बसून रडली, वडिलांसाठी की स्वतःसाठी ते तिला ठरवता येईना.

शनिवारी सकाळी ते तिच्या दारात उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आईच्या अंत्यविधीला घातलेला पट्टा.

"चल," ते म्हणाले. "गाडी तू चालव. मी चालवली तर वाटेतून वळवीन."

डॅरल मिगलचं पशुखाद्याचं आणि कुंपणाच्या तारांचं दुकान तीस मैलांवर होतं. एल्रॉय चौतीस वर्षांत त्या गावात गेले नव्हते. आपल्या चार गाईंचा खुराकही उलट्या दिशेला जाऊन आणत. दुकानाच्या पायरीवर एक जाडजूड माणूस काठी मांडीला टेकवून पोत्यांची यादी तपासत होता. त्याने वर पाहिलं.

"कुबेना कोच? अरे देवा! तुमच्या गावात खुराक संपला की काय?"

"डॅरल," एल्रॉय म्हणाले. ते पायरी चढले नाहीत, खालीच उभे राहिले. "ती चिठ्ठी माझ्याकडे होती. तुझ्या आईने गुरुवारीच दिली होती. मी वाचली होती. खिशात ठेवून तुला खेळायला सोडलं. नंतर खोटं बोललो."

डॅरलने यादी बाजूला ठेवली. दुकानातला पंखा घरघरत होता.

"माझी आई," तो हळू म्हणाला, "मरेपर्यंत म्हणत राहिली, मी दिली होती रे, कोचच्या हातात दिली होती. आणि मी म्हणायचो, आई, तू विसरलीस. असू दे, होतं असं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "वर्षानुवर्षं तिला सांगत राहिलो, कोच. माफ केलं म्हणायचो तिला."

एल्रॉयनी टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मार्लाने वडिलांना इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं.

"गुडघ्याचं जाऊ दे," डॅरल म्हणाला. "तुम्ही बांधून ठेवलं असतं तरी मी त्या दिवशी दोर तोडून पळालो असतो. पण हे तुम्ही तिला ऐकू द्यायला हवं होतं. सात वर्षांपूर्वीपर्यंत होती ती." तो काठीवर भार देऊन उठला. "आता जा. राग नाही, पण आज जा."

"पुन्हा येऊ?" एल्रॉयनी विचारलं.

"एखाद्या बुधवारी या. तेव्हा गिऱ्हाईक नसतं," डॅरल म्हणाला, आणि यादी पुन्हा हातात घेतली. मग मार्लाकडे पाहिलं. "तू लंगडतेस."

"खुबा. नऊ जूनला कापणार आहेत."

"व्यायाम चुकवू नकोस. मी चुकवले होते."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कुरणं, गाई सावलीला गेलेल्या. मिस लॅनेटचं पत्र मार्लाच्या पर्समध्ये होतं: डॉक्टरचा कागद आणलास तर जानेवारीत वर्गाला ये. एकतिसाव्या वर्षी पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं की नाही, तिला माहीत नव्हतं. राग ओसरला होता का, तेही नीट सांगता आलं नसतं. पण शेजारी बसलेला माणूस काहीतरी मोजून आला होता, हे तिने पाहिलं होतं.

"एक विचारू?" एल्रॉय खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

"विचारा."

"तुम्ही पोरी आठपर्यंतच का मोजता? नवव्याला काय होतं?"

मार्लाने त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते.

"नववा नसतो, डॅडी. पुन्हा एक येतो," ती म्हणाली, आणि रेडिओवर चाललेल्या गाण्याचा आवाज वाढवून, कुठून मोजायला लागायचं ते त्यांना बोटांनी स्टिअरिंगवर ठोकून दाखवू लागली.