वैजयंतीची मूठ

मित्रांनो, मी एक जुनं चाडं आहे. ट्रॅक्टरच्या दिवसांत तुम्ही मला ओळखणार नाही. पाभरीवर, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजारावर, बसवलेली लाकडी वाटी म्हणजे मी. मला तळाशी भोकं असतात. बाई मागून चालत मुठीने माझ्यात बी सोडते आणि ते नळ्यांतून मातीत उतरतं.

मंद्रूपच्या सुताराने मला बाभळीतून कोरलं. तिथली जमीन काळी, पुरुषभर खोल. एकदा पाऊस प्याली की माघापर्यंत ओल धरून राही. माझे तिथले धनी कोंडीबा, त्यांची लेक वैजयंती पेरणीच्या दिवशी उपास धरी, मला हळदकुंकू वाही आणि मगच मूठ धरी. ज्वारीत माणूस दिसेनासा होई. लोक म्हणत, "पोरीच्या हाताला लई बरकत हाय की." कोंडीबांनाही तेच वाटे. म्हणून लग्नात त्यांनी मला तिच्यासोबत सासरी, केम गावाला धाडलं.

केमच्या त्या रानात वीतभर मातीखाली मुरूम होता. मूठ तीच, बी तेच, उपासही तोच. पण दिवाळी सरली की ओल उडे आणि पीक माना टाकी. कणसं पोचट निघत.

एका पेरणीला सासू गोजरबाई बायकांदेखत म्हणाल्या, "बरकत म्हायेरालाच ठिवून आली जणू. हात खोटा हाय हिचा."

नवरा मल्हार बैलांकडे बघत राहिला. वैजयंतीने मुठीतलं बी सासूच्या पदरात ठेवलं आणि ती बांधावर जाऊन बसली. पुन्हा तिने मला हात लावला नाही. पुढे दोघं पुण्याला कामाला गेली.

मग गोजरबाईंनी स्वतः माझ्यातून पेरलं. नंतर यंत्राने पेरलं आणि मी गोठ्यात खुंटीला. ज्वारी तेवढीच उणी आली. मित्रांनो, यंत्राला तर हातच नसतो.

यंदा म्हातारीने मला खाली काढलं, धुतलं, कुंकू लावलं आणि पुण्याला फोन केला.

"वैजयंते, पेरायला ये की. तुज्याच हातानं हू दे."

पलीकडून वैजयंतीचा हळू आवाज आला. "नगं आत्याबाई. माजा हात लागला तर रान करपंल. हितं मी दारात तुळसबी लावली न्हाय."

"आगं, हाताचं न्हवतं ते, मातीचं..."

फोन बंद झाला होता.

मित्रांनो, पीक उणं आलं तर आधी वीतभर खणून बघा. माती पुढच्या पावसात पुन्हा ओली होते. वैजयंतीची मूठ मात्र मिटली ती मिटलीच.