बर्फात चिरडलेलं बोट

हे लिहायचंच नाही असं मी ठरवून टाकलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. यातला टेलर माझा मित्र, यातली आई म्हणजे त्याची खरोखरची आई, आणि माणसाच्या घाबरण्याची गोष्ट सांगून चार लोकांना हसवायचं म्हणजे जरा नीचपणाच वाटत होता. शेवटी टेलरच म्हणाला, "लिही रे. टोपीसकट लिही." म्हणून लिहितोय. टोपीचं पुढे येईलच.

तर, गर्दी. बसस्टँडमागचा हॉल माणसांनी ठासून भरलेला. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, तरी लोक येतच होते. दारात एक प्लास्टिकची टोपली, तिच्यात सगळ्यांचे फोन. "फोनने बाबांच्या लहरी बिघडतात," असं टोपलीवाला प्रत्येकाला सांगत होता. समोर स्टेजवर तारीखबाबा. अंगात पांढरा झगा, डोक्यावर कान झाकणारी जाड टोपी, आणि पंखा मात्र एकट्या बाबांवर रोखलेला.

टेलर आईला घेऊन तिसऱ्या रांगेत बसला होता. आईच्या पलीकडे मावशी. बाबांचा शोध मावशीचाच.

"तारीख म्हणजे काय?" बाबा गरजले. "तारीख म्हणजे भोक! काळाच्या पडद्याला पडलेलं भोक! तुम्हाला कॅलेंडरचा चौकोन दिसतो, मला त्याच्या आतलं दिसतं! मी शाळेची पायरी चढलो नाही. मला अक्षर येत नाही. मला दिसतं!"

भोक पडलं तर रफू करता येतं, असं टेलरच्या मनात आलं. पण मावशीने असे डोळे वटारले की जणू तिला ते ऐकूच गेलं.

आईचा नंबर लागला. पोटात गाठ होती तिच्या. डॉक्टरांनी पंधरा एप्रिलला ऑपरेशन ठरवलेलं. हे ऑपरेशन करणारे मोठे सर्जन त्या हॉस्पिटलात अधूनमधूनच यायचे. ही तारीख गेली की पुढची थेट जुलैत, आणि तोवर थांबण्याची जोखीम घेऊ नका, असं डॉक्टरांनी टेलरला बाजूला घेऊन बजावलं होतं.

"पंधरा एप्रिल," आई हळूच म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ नुसतेच घुमले. मग एकदम ताठ झाले.

"रात्र आहे... काळं पाणी... नाव ऐकू येतंय... टाय... टाय... टायटॅनिक! बुडालं गं माये, बुडालं! आता दुसरं दिसतंय. राष्ट्राध्यक्ष... डोक्यात गोळी... पहाटे प्राण सोडतोय! थांबा! आग! शेकडो वर्षांचं प्रार्थनाघर जळतंय, कळस कोसळतोय!" बाबांनी डोळे उघडले. "माये, ही तारीख माणसं खाते. या दिवशी अंगाला सुरी लावून घेऊ नकोस. जुलैत ये. मी तुला धुतलेली तारीख काढून देतो."

हॉलने तोंडात बोटं घातली. बाहेर आल्या आल्या मावशीने टोपलीतून फोन उचलला आणि सगळं शोधून काढलं. टायटॅनिक, खरं. राष्ट्राध्यक्ष, खरं. आग, खरी. सगळं पंधरा एप्रिललाच.

"बघ!" ती टेलरच्या नाकासमोर फोन नाचवत म्हणाली. "अक्षरशत्रू माणूस! कुठून कळलं त्याला?"

घरी आल्यावर आईने हॉस्पिटलची पिशवी उघडली, त्यातला टॉवेल काढून परत कपाटात ठेवला, आणि म्हणाली, "मी पंधराला जाणार नाही."

टेलर समजावून थकला, चिडला, रडकुंडीला आला. आई ढिम्म. आणि खरं सांगायचं तर तोही घाबरला होता. समजा आग्रह करून नेलं, आणि काही झालं, तर?

दुसऱ्या दिवशी टेलरच्या दुकानात सनावळीबाई आल्या. शाळेत इतिहास शिकवायच्या. पोरांनी नाव ठेवलं सनावळी, आणि बाईंना ते ठाऊक होतं. टेलर त्यांचाच विद्यार्थी, इतिहासात दोनदा नापास. पडदे न्यायला आलेल्या बाईंनी त्याचा चेहरा बघितला आणि स्टुलावर बसल्या.

"काय रे, सुतकी तोंड करून काय बसलायस?"

टेलरने सगळं सांगितलं. शेवटी बाईंनी एकच विचारलं.

"तो टायटॅनिकचं काय म्हणाला? 'दिसतंय' म्हणाला की 'ऐकू येतंय'?"

"ऐकू येतंय म्हणाला. टाय, टाय करत होता."

"हं. आणि टोपी घालतो म्हणालास. एवढ्या उकाड्यात?"

"टोपी मीच शिवलीय, बाई." टेलर जरा ओशाळला. "त्यांचा माणूस आला होता ऑर्डर घेऊन. डाव्या कानावर आतून छोटा खिसा हवा म्हणाला. पवित्र खडा ठेवायला."

बाई इतक्या हसल्या की मांडीवरचे पडदे घसरले.

"म्हणून तू नापास व्हायचास! अरे, खडा ठेवायला खिसा कानावरच कशाला लागतो?"

टेलरचा हात थांबला. मशीनही थांबलं.

"आपल्या हाताने खिसा शिवलास, आणि त्याच खिशाला घाबरून बसलास," बाई म्हणाल्या. "रविवारी मला तिथे घेऊन चल. आई आणि मावशीलाही आण. कॉपी करणारी पोरं पकडण्यात माझी हयात गेलीय. विसरणाऱ्या पोराची चूक वेगळी असते आणि मागून कुजबूज ऐकून लिहिणाऱ्याची वेगळी."

आई यायला तयार झाली, कारण मावशीने तिला सांगितलं, "त्या मास्तरीणबाईपण नादी लागल्या बघ बाबांच्या!"

रविवारी बाईंनी फोन टोपलीत टाकला, पदर सावरला आणि स्टेजसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठ्या असतील.

"बोल बेटी, कोणती तारीख?"

"एकवीस नोव्हेंबर. घर बदलतेय."

बाबांनी डोळे मिटले. घुमले. हॉल श्वास रोखून.

"थंडी!" बाबा कुडकुडले. "बर्फ... जिकडेतिकडे बर्फ... आणि बर्फात... बोट!"

"अगं बाई! बोट?" बाई कळवळून म्हणाल्या. "नीट बघा ना, बाबा."

"चिरडलंय! बिचाऱ्याचं बोट बर्फाखाली चिरडलंय! पांढऱ्याशुभ्र बर्फावर लाल रक्त!"

"अरेरे. कुठलं हो बोट?"

बाबा क्षणभर अडले. "करंगळी!"

मावशीने आईचा हात घट्ट धरला.

"आणि मग?"

"बुडतंय! ते बोट बुडतंय... खोल... अगदी समुद्राच्या तळाला!"

"करंगळी?"

"करंगळी!" बाबा आता चांगलेच रंगात आले होते. "आणि त्या बोटावर... अठ्ठावीस माणसं..."

बाबा थांबले. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता ऐकू आलं असावं.

"अठ्ठावीस माणसं," बाई शांतपणे म्हणाल्या. "एका करंगळीवर?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि त्याच वेळी स्टेजमागच्या खोलीतून, दार बंद असूनही सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला, "जहाज! अहो, जहाज! बोट म्हणजे जहाज!"

टेलर उठला. तो थेट स्टेजवर गेला.

"बाबा, टोपी माझ्या हातची आहे. कानापाशी उसवलेली दिसतेय. जरा बघू."

बाबा मागे सरकले, पण माप घेणाऱ्या माणसाचा हात फार सराईत असतो. टोपी निघाली. डाव्या कानावरचा खिसा त्याने उलटा केला. तळहातावर शेंगदाण्याएवढं एक इवलंसं यंत्र पडलं. त्याने ते उचलून पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या कानाशी धरलं.

"काय ऐकू येतंय, आजोबा?"

आजोबांनी कान टवकारले. "कोणीतरी 'मेलो, मेलो' म्हणतंय."

हॉल फुटला. एवढा हशा त्या हॉलमध्ये कुठल्या नाटकालाही पिकला नसेल. टोपलीवाला टोपली टाकून पळाला आणि लोक आपापले फोन शोधायला धावले. बाबा मात्र टोपीवाचून अगदीच साधे दिसत होते. एखाद्या दुकानात समोर बसलेला माणूस दिसतो ना, तसे.

"ज्याने डोळ्यांनी बघितलं," बाई आवाज चढवून म्हणाल्या, "तो जहाज आणि करंगळी यात गोंधळेल का? गोंधळतो तो नुसतं ऐकणारा. आत एकजण फोनवर तारीख शोधतोय, तुकडे तुकडे सांगतोय, हे इथे त्याला तिखटमीठ लावतायत. म्हणून तुमचे फोन टोपलीत, आणि म्हणून ते आधी एवढे घुमतात. शोधायला वेळ नको का लागायला?"

"पण समजा आतल्याने आधीच जहाज म्हटलं असतं तर?" टेलरने बाहेर पडताना विचारलं.

"तर मग तुला टोपी जरा लवकर काढावी लागली असती." बाई हसल्या. "तारीख मी निवडून घेतली होती रे. त्या तारखेला बर्फाने चिरडलेलं एक जहाज बुडालं, त्यावर एका पोराने पेपरात लिहिलं होतं, 'बर्फात बोट अडकल्याने ते कापावे लागले.' शेजारच्याने कुजबुजलेलं ऐकून! तेव्हापासून लक्षात आहे."

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. दुकानात येऊन आई स्टुलावर बसली आणि सगळे हसत असताना ती एकटी हसत नव्हती.

"तो लबाड आहे, कळलं मला," ती म्हणाली. "पण त्या दिवशी टायटॅनिक बुडालं, हे तर खोटं नाही ना?"

"अगं ताई, तेच तर म्हणते मी!" मावशी. "फोनवर मी स्वतः बघितलं!"

टेलरचं तोंड पुन्हा उतरलं. बाबा गेला, पण तारीख बसलीच होती.

बाईंनी खुर्ची आईजवळ ओढली. "नाही, ते अगदी खरं आहे. मला एक सांगा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता?"

आईने विचारही केला नाही. टेलरकडे बोट केलं. "हा झाला तो. सहा मे."

"सहा मे. त्या तारखेला एक अवाढव्य हवाई जहाज उतरता उतरता पेटलं. क्षणात कोळसा. कितीतरी माणसं गेली."

आईने छातीवर हात ठेवला. "माझा पोरगा झाला त्या दिवशी?"

"त्याच तारखेला. मग काय करता? पोरगा परत करता?"

आई आधी बाईंकडे बघत राहिली, मग पोराकडे. "तसा परत करण्यासारखाच आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"आई!"

"तारखा जेमतेम तीनशे सहासष्ट," बाई म्हणाल्या, "आणि माणसं हजारो वर्षं जगतायत, मरतायत, बुडतायत, शोध लावतायत. सगळं त्याच मोजक्या चौकोनांत कोंबायचं. मग रिकामा चौकोन राहील कुठून? बाबाची धुतलेली जुलैची तारीख मला द्या, तिच्यातही मी तुम्हाला रडवेन. तो फक्त मेलेले मोजायचा, जन्मलेले गाळायचा. पंधरा एप्रिलला लिओनार्दो जन्मला, एवढा मोठा चित्रकार. ते नाही दिसलं त्याला? आणि ते एकवीस नोव्हेंबरचं, दक्षिण ध्रुवाकडे निघालेलं जहाज. बुडालं खरं, पण माणसं आधीच उतरली होती. ती अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जिवंत परतली. तारखेने ना ते जहाज बुडवलं, ना ती माणसं वाचवली. जहाज बर्फाने चिरडलं, माणसं धडपडीने वाचली. तुमच्या पोटातल्या गाठीला तारीख वाचता येत नाही, ताई. ती फक्त वाढते. तिला थांबवणारी माणसं पंधराला येणार आहेत."

आई बराच वेळ पडद्याच्या कापडावरून हात फिरवत राहिली. मग उठली. मावशीला म्हणाली, "चल गं. टॉवेल परत पिशवीत भरायचाय."

पंधरा एप्रिलला टेलर हॉस्पिटलच्या बाकावर बसला होता आणि मी त्याच्या शेजारी. आत नेताना आई स्ट्रेचरवरून नर्सला विचारत होती, "आज कोण जन्मलं होतं, ठाऊक आहे का तुला?" नर्सला ठाऊक नव्हतं. आईने सांगितलं आणि दार बंद झालं.

मावशी फोन पिशवीत कोंबून बसली होती. काही शोधत नव्हती.

गाठ पूर्ण निघाली. ती साधी होती की वाईट, हे तपासणीनंतर कळणार होतं. साधी निघाली. वाईट निघाली असती, तरी मी हे असंच लिहिलं असतं, कारण वेळेत काढली हीच खरी गोष्ट आहे.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर टेलर म्हणाला, "लिहिशील ना, तर आईला वेडी करू नकोस. ती घाबरली होती. घाबरलेलं माणूस वेडं नसतं. बाबाला ते बरोबर माहीत असतं, म्हणून तर त्याचं दुकान चालतं."

"नाही करणार."

"आणि अजून एक." त्याने कप खाली ठेवला. "मीपण घाबरलो होतो. उद्या पुन्हा घाबरेन. कुठल्यातरी दुसऱ्या टोपीवाल्यासमोर जाऊन बसेन, आणि मला ते कळणारसुद्धा नाही. तेव्हा?"

"तेव्हा मी येईन," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर उभा राहून विचारेन, पाहिलंत की ऐकलंत? आधी त्याला विचारेन. मग तुला."

"आणि तू घाबरलास तर?"

"तर तू ये," मी म्हटलं. "टोपी काढायचा हात तुझा चांगला आहे."