माझे शुक्राणू पोहायचे, तरीही

मी हेरफर्ड जातीचा एक म्हातारा वळू आहे. मित्रांनो, माझं स्वतःचं एकही वासरू नाही.

ताकुआरेम्बो गावच्या गुरांच्या प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा माझे मालक बासिलिओ छाती फुगवून हिंडत होते. पण हंगाम उलटला तरी कळपातली एकही गाय गाभण राहिली नाही. शेजारी माते चहाचे घुटके घेत विचारायचे, "काय बासिलिओ, वळू शोभेला आणलास होय?"

जनावरांच्या डॉक्टरांनी माझे शुक्राणू तपासले. "झकास पोहतायत की!" ते म्हणाले. मग दोष गायींचाच! मालकांनी त्या कत्तलखान्याला धाडल्या. कुंपणाशी उभा राहून मी त्यांचं हंबरणं ऐकलं. नव्या गायी आल्या, त्याही तशाच राहिल्या.

"दर वेळी दोष बाईच्या जातीचाच कसा हो?" मालकीण नेलिदा म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस."

त्या पडल्याच. शुक्राणूंवर संशोधन करणाऱ्या भाचीला, इव्होनला, त्यांनी राजधानीतून, मॉन्टेव्हिडिओहून बोलावलं. माझ्या गोठ्यातच तिनं सूक्ष्मदर्शक मांडला आणि कॅल्शियम आत शिरलं की उजळणारा रंग शुक्राणूंत मिसळला.

"काका, हे दुसऱ्या वळूचे, बघा कसे उजळलेत. शेपटीला बारीक दारं असतात. गायीच्या स्त्रीबीजाकडे जाताना ती उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि शेपटी चाबकासारखी फटकारायला लागते. त्या जोराशिवाय बीजाचं कवच भेदता येत नाही."

"आणि आपल्याचे?"

"अंधार. दारं उघडतच नाहीत. नुसते पोहत राहतात बिचारे. जन्मापासूनच असं आहे, त्याचा काय दोष?"

मालकांनी भिंगावरचा डोळा बराच वेळ काढला नाही. "गायींचा तरी काय होता..." ते पुटपुटले.

"आणि माझा?" नेलिदा हळूच म्हणाल्या. "मूल नाही म्हणून तुमच्या आई मला वर्षानुवर्षं बोलत राहिल्या. तुम्ही कधी स्वतःला तपासून घेतलंत?"

इव्होन उगाच काचा पुसत बसली. मालकांनी टोपी काढून हातात घेतली. "नाही गं," ते म्हणाले. "भीती वाटायची."

मीही कत्तलखान्यालाच जायचो, पण इव्होननं मला संशोधनासाठी मागून घेतलं. दारं बंद राहिली तर काय अडतं, हे माझ्याकडून शिकायला कॉलेजातली मुलंमुली येतात, जाताना कपाळ खाजवून देतात.

मित्रांनो, कुणावर बोट ठेवण्याआधी एकदा नीट बघत जा. माझ्याकडे कुणीतरी बघितलं, म्हणून मी वाचलो. त्या गायींकडे कुणी बघितलंच नाही.